थोरलीची पानं

आमोस आबांनी ते पुस्तक आपण कुठलंही पुस्तक उघडतो तसं उघडलं, आणि पहिल्याच पानावर गोष्ट संपलेली होती.

पानभर एकच चित्र. बर्फात पाठमोरी उभी असलेली एक बाई. तिच्यासमोर अर्धवट उघडं दार, आत उजेड, आणि त्या उजेडात जेवायला बसलेल्या माणसांच्या नुसत्या सावल्या. खाली एक अक्षर नाही.

"एंजल, ही आत कधी जाती गं?"

एंजल ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. श्रीरामपूरच्या कॉलेजात बारावीला असलेली आबांची नात. तिने मान वर केली आणि कपाळावर हात मारला. "आबा! उलटीकडनं वाचतात ते. जपानी पुस्तक आहे. तुम्ही डायरेक्ट शेवट बघितलात."

"बरं, मग शेवटी तरी जाती का?"

"नाही जात."

"म्हंजी?"

"म्हणजे नाही जात. ती दारातच उभी आणि संपलं पुस्तक."

आबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा त्या बाईकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणी ते चित्र बघून पान उलटलं असतं. पण आबांच्या डोक्यात चार दिवस एक दार आणि दारात उभा एक माणूसच होता.

आबांचं आयुष्य साखर कारखान्यात गेलं, पण बेलापूरपासून पार प्रवरेच्या पलीकडच्या गावांपर्यंत त्यांना ओळखतात ते ख्रिस्ती मंडळीचे कीर्तनकार म्हणून. पांढरा फेटा, हातात चिपळ्या, आणि अजून शाबूत असलेला गळा. हंगामाच्या सणाला लोक देवाच्या उपकारस्तुतीसाठी शेतातलं पहिलं धान्य, भाजी, कोंबडी देवळात आणतात. त्या दिवशी आबांचं कीर्तन आणि कीर्तनानंतर प्रीतिभोजन, असा रिवाज. आणि त्या कीर्तनात लोकांना बायबलातलं एकच आख्यान हवं असतं, बापाचं आणि त्याच्या दोन मुलांचं. धाकटा घर सोडून जातो, हाल काढतो, परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी घालतो. थोरला शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो आणि रागावून दारातच थांबतो. त्या थोरल्याला आबा एका साकीत, दोन ओळींच्या पद्यात, आत नेत. साकी त्यांची स्वतःची होती:

रुसुन थोरला उभा अंगणी, बाप धरी मग हात,
मत्सर टाकुन हसत हसत तो, शिरला घरच्या आत.

इथे पेटी द्रुत व्हायची, टाळ्या पडायच्या आणि लोक खुशीत पंगतीला उठायचे. ती पेटी वाजवायचा आबांचा थोरला मुलगा, बेंजामिन.

यंदा सण रविवारी होता आणि बुधवारी आबांचा धाकटा एडविन एक बॅग घेऊन कायमचा घरी आला होता. वापीला केमिकलच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडला. इतक्या वर्षांत तो पाहुण्यासारखा आला असेल-नसेल. आई छबूबाई किडनीने आजारी पडली, तिला आठवड्यातून दोनदा नगरला न्यायचं, मशीनवर बसवायचं, परत आणायचं, हे सगळं बेंजामिनने केलं. एडविन आला तो मातीला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

बुधवारी आबांनी त्याला दारातच कवटाळलं. बेंजामिन म्हणाला, "आलास?" आणि दूध संकलन केंद्रावर निघून गेला. त्या दिवसापासून तो घरी जेवला नव्हता. दया, त्याची बायको आणि एंजलची मम्मी, केंद्रावर डबा पाठवत होती.

"मला दोघं एका पंगतीत पायजेत," आबा दयाला म्हणाले होते. "रविवारी ह्येच आख्यान घेतो. दोघं समोर असतील."

दया म्हणाली होती, "आबा, ते पेटीवर बसतील हो. पंगतीचं मी काही सांगू शकत नाही."

आता आबांनी ते पुस्तक हातात धरून ठेवलं. "ही कोन बाई? का जाईना आत?"

एंजलने शेंगांचं सूप बाजूला सारलं. आपल्या आवडीची गोष्ट आजोबांनी विचारावी असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. "ही नाओ. थोरली बहीण. डोंगरातल्या गावात यांचा हातकागद बनवायचा धंदा असतो. धाकटी मिकी गाणं शिकायला शहरात पळून जाते. नाओ एकटी कागद करत राहते. मग मिकी परत येते."

आबांनी एकदम तिच्याकडे बघितलं. "ही गोष्ट कुनी सांगितली तुला?"

"कुणी नाही. जपान्यांची आहे. पण आबा, गंमत ऐका. हे पुस्तक मूळ नाही. आधी ॲनिमे आलं, म्हणजे टीव्हीवरची चित्रांची मालिका. ते मूळ. मग त्यावरून दुसऱ्याच एका बाईने हे मांगा काढलं, चित्रांचं पुस्तक. बरेचदा उलटं असतं, आधी पुस्तक आणि मग मालिका. पण हिचं असं."

"आन मूळ मालिकेत? तितं जाती का आत?"

"जाते ना. थांबा, दाखवते."

तिने मोबाईलवर शेवटचा भाग लावला. भाषा कळत नव्हती, पण बघायला भाषा लागत नव्हती. बर्फ पडत होता, नाओ अंगणात तोंड फिरवून उभी होती, आणि आतून मिकीने गायला सुरुवात केली. आईने लहानपणी म्हटलेलं गाणं, एंजल म्हणाली. आवाज चढत गेला, नाओचे खांदे हलले, ती वळली, हसली आणि पळत आत गेली. सगळे जेवायला बसले.

आबांचे डोळे भरून आले. "पोरीचा गळा लई ग्वाड हाय गं."

"म्हणजे तुम्हालाही ॲनिमेच आवडलं!" एंजल जरा हिरमुसली.

"आवडलं म्हंजी? आसं कीर्तन मी जल्मभर केलंय. मग ह्या पुस्तकवाल्या बाईला काय झालं? चांगलं आत नेलेलं मानूस तिनं भाईर का काढलं? मूळ सोडून सोताचं घालायचं म्हंजी काय?"

"तुम्ही नाही घालत?"

"मी काय घालतो?"

"साकी. हात धरून आत नेता ती. मूळ कथेत थोरला आत जातो का, आबा?"

आबांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मूळ कथेत बाप बाहेर येतो, विनवतो, आणि कथा तिथेच थांबते. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण कथा दारात सोडली तर लोक जेवायला कसे उठतील, म्हणून तरुणपणी त्यांनी ती साकी रचली होती. टाळ्या पडल्या आणि ती कायमची झाली.

"आता हे नीट, उजवीकडनं बघा," एंजल म्हणाली. "ॲनिमेत सगळं मिकीचं. तिचं शहर, तिची गाणी, तिचं उपाशी राहणं. नाओ मध्येच कधीतरी दिसते, मम्मी चहा करून आणते तोवर तिचा प्रसंग संपलेला असतो. पण कागदावर गाणं कसं ऐकवणार? ही चित्रं काढणारी बाई मग काय करते, गाणी काढूनच टाकते. त्यामुळे पानं उरतात. ती पानं तिने नाओला दिली."

तिने मधलं एक प्रकरण उघडलं. पहाट. थंड पाण्याचा हौद. पाण्यात बुडवलेले दोन हात. झाडाची साल कुटणारे हात. चाळणी पाण्यातून वर उचलणारे हात, त्यावर कागदाचा पातळ पापुद्रा. भेगा पडलेली बोटं. मग जेवायची वेळ. नाओ दोन वाट्या काढते, एक परत फळीवर ठेवते.

"इथं काय लिव्हलंय?"

"काहीच नाही. ती काम करतेय."

"आख्खं प्रकरन?"

"आख्खं."

आबांनी ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून बघितलं. दुसऱ्या वाटीच्या चित्रावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग हळूच म्हणाले, "त्या मालिकेत तिला गान्यानं आत वढलं. हितं गानंच न्हाई. मग वढायचं कशानं? तिचं तिलाच चालत जावं लागनार."

"बरोब्बर," एंजल म्हणाली. "म्हणून मला हे जास्त आवडतं."

"मला दोनी आवडली," आबा म्हणाले. "पन मला आता जरा तरास होतोय."

शनिवारी संध्याकाळी आबा काठी टेकत दूध केंद्रावर गेले. बेंजामिन मशीनवर फॅट बघत होता. बाहेर कॅन घेऊन चारदोन माणसं उभी होती.

"बेन्या, उद्या पेटीला हायेस ना?"

"हाय की. कवा न्हवतो?"

"आन पंगतीला?"

बेंजामिनने मशीनवरचा आकडा वाचून सांगितला, पुढचा नमुना घेतला. "आबा, संध्याकाळचं दूध कोन घेनार? गाय-म्हशीला सणाची सुट्टी नसती."

"घंटाभर श्रीमंत बघंल. तुझ्या हाताखालचाच हाय ना."

"श्रीमंतला जमत न्हाई." बेंजामिनने आवाज खाली केला. "तुमचं आख्यान हुईल, मी वाजवीन. त्या साकीलाबी वाजवीन, दर वर्सी वाजवतो तशी. त्येच्यापुढं मला काय सांगू नका."

त्या साकीलाबी, हे तो ज्या सुरात म्हणाला, तो सूर आबांनी पेटीतून कधी ऐकला नव्हता. ते परत निघाले. वाटेत त्यांना आठवत राहिलं की इतकी वर्षं आपण थोरल्याला मत्सरी म्हणत होतो आणि खाली बसून त्याला चाल देणारा हाच होता.

रविवारी दुपारी देवळासमोरचा मांडव भरला. भोपळे, ज्वारीची कणसं, ऊस, कुणाची पिशवीतून मान काढणारी कोंबडी, सगळं वेदीजवळ मांडलेलं. एडविन पुरुषांच्या मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. बेंजामिन पेटीवर. त्याने भावाकडे बघितलं नाही.

पूर्वरंग झाला. आबांनी आख्यान घेतलं. धाकटा गेला, भुकेला झाला, परत आला. लंकाबाई पुढेच बसली होती, दर वर्षीप्रमाणे पदर डोळ्याला लावून. सणाला गावातली हिंदू घरंही कीर्तनाला येत आणि लंकाबाईची जागा ठरलेली होती. बापाने धाकट्याला मिठी मारली. बैठकीत हुंदके आले.

"आता थोरला," आबा म्हणाले, आणि बेंजामिनची बोटं साकीच्या सुरांवर जाऊन बसली.

"न्हाई, थांब. आज आपन जरा थोरल्याच्या मागं मागं जाऊ. दर वर्सी तो शेतातनं येतो तवा आपल्याला दिसतो. शेतात काय करत हुता, त्ये कुनी इचारलंय का?"

आबांनी चिपळ्या खाली ठेवल्या. गायले नाहीत, नुसते बोलत राहिले. थोरला पहाटे उठतो. गोठा झाडतो. धार काढतो. हिवाळ्यात पाण्याने बोटांना भेगा पडतात, त्या तो कुणाला दाखवत नाही. कुणाच्या लग्नाला मुक्कामी जात नाही, कारण सकाळी जनावरं हंबरतात. घरात कुणी आजारी पडलं तर उचलून नेणारा तोच, आणि दवाखान्याच्या बाकावर रात्र काढून सकाळी पुन्हा गोठ्यात येणाराही तोच.

"बाप काय करतो? बाप रोज संध्याकाळी माळवदावर चढतो आन रस्त्याकडं बघतो. धाकटा येतो का, धाकटा येतो का. लई प्रेमळ बाप. सगळी मंडळी म्हनती, काय बाप हाय! पन रस्ता एकीकडं आन शेत दुसरीकडं. रस्त्याकडं तोंड केलं की पाठ कुनाकडं झाली?" आबा थांबले. "बापाला वाटायचं, थोरला तर हायेच की. घरातच हाय. त्येच्याकडं काय बघायचं!"

बेंजामिनचा भात्यावरचा हात थांबला होता. तो खाली, पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांकडे बघत होता.

"आता तो दारात आलाय. आतनं गानंबजावनं ऐकू येतंय. त्यो थांबला. बाप भाईर आला आन विनवन्या करू लागला."

इथे सवयीने बेंजामिनने भाता ओढला. साकीचा पहिला सूर निघाला. आबांनी हात वर केला.

"पेटी नको."

सूर तुटला. आबा तसेच उभे राहिले. लोक वाट बघू लागले. शेवटी लंकाबाईलाच राहवेना.

"आबा, मंग गेला का न्हाई त्यो आत?"

"मला ठाव न्हाई, लंकाबाई."

"आसं कसं? दर वर्सी जातो की! हसत हसत जातो!"

"मी न्यायचो. मूळ कथेत तिथंच सोडलंय, दारात. मला धीर नव्हता, म्हनून चाल लावून हाताला धरून न्यायचो. चाल चांगली हुती, त्योबी बिचारा यायचा. पन त्येला मी कधी इचारलं न्हाई. आज मी त्येला आत घेऊन जानार न्हाई. देवाची दया मोठी हाय, दार उगडं हाय, येवढंच मला ठाव."

"आन जेवन?" लंकाबाई म्हणाली, आणि सगळा मांडव हसला.

"जेवन तयार हाय. तुमी बसा."

आबांनी प्रार्थना केली आणि कीर्तन संपलं. टाळ्या पडल्या नाहीत. लोक जरा गोंधळून उठले, पंगती मांडू लागले. बेंजामिनने पेटी मिटली, झाकण लावलं, कुणाकडेही न बघता मोटारसायकलला किक मारली आणि केंद्राकडे गेला. एडविनने आबांकडे बघितलं. आबा फेटा सोडत होते, त्यांनी काही खूण केली नाही. एडविन चपला घालून पायीच निघाला.

केंद्रावर श्रीमंतने खरंच गोंधळ घालून ठेवला होता. रांग बाहेरपर्यंत आली होती. बेंजामिन मशीनवर बसला आणि एकेकाचा नमुना घेऊ लागला. थोड्या वेळाने दारात सावली पडली.

"तितं उभा ऱ्हाऊ नको, उजेड अडतोय."

एडविन आत आला. "काय करू?"

"कायबी नको करू."

रांगेतले काकासाहेब म्हणाले, "आज दोन दोन साहेब! मग फॅट वाढवून लागंल का आमचं?"

"तुमच्या म्हशीला सांगा वाढवायला," बेंजामिन म्हणाला.

एडविनने कुणाचा तरी कॅन उचलून मोठ्या भांड्यात ओतायला घेतला आणि निम्मं दूध पायावर सांडलं. बेंजामिन ताडकन उठला. "आरं, गाळनी कुठाय? तसंच वततोस व्हय? वापीला काय शिकलास रे तू? हो बाजूला!" मग गाळणी त्याच्या हातात आदळत म्हणाला, "हां, आता वत. हळू. घाई नको."

बुधवारपासून त्याने भावाला बोललेलं हे पहिलं लांब वाक्य होतं. एडविन ओतत राहिला. रांग सरली, टेम्पो आला, कॅन चढवले. टेम्पो गेल्यावर एडविन म्हणाला, "दादा, आईच्या वेळेला मी..."

"ते आत्ता नको."

"मग कधी?"

"मला झेपंल तवा. लगेच न्हाई झेपायचं." बेंजामिनने हौदातलं पाणी कॅनवर ओतलं. "जेवलास का?"

"नाही. आबापण बसले नव्हते मी निघालो तेव्हा."

"आबा जेवले न्हाईत?" बेंजामिनच्या हातातला ब्रश थांबला. "आरं त्येंना शुगर हाय! गोळी घेतली आसंल दुपारी. येडे झाले का सगळे? तू सांगायचंस ना आल्या आल्या! बस गाडीवर."

मांडवात शेवटची पंगत उठत आली होती. आबा एका कडेला पत्रावळीसमोर बसले होते, भात तसाच. दया त्यांच्यासमोर उभी राहून "दोन घास तरी" म्हणत होती. बेंजामिन चपला काढायचं विसरून सतरंजीवर चढला.

"आबा, काय चाललंय? चक्कर येऊन पडलात म्हंजी? नगरला मलाच न्यावं लागंल ना पुना!"

"भूक न्हवती रे."

"भूक न्हवती! गोळी घेतली का? मग खावा. दया, ह्येंना आमटी वाढ. ग्वाड नको." मग पायातल्या चपला त्याच्या लक्षात आल्या, त्या त्याने सतरंजीबाहेर फेकल्या, आणि उभाच राहिला. आबांच्या एका बाजूला एंजल होती, दुसऱ्या बाजूला एडविन येऊन टेकला होता.

बेंजामिनने एडविनच्या खांद्याला गुडघ्याने ढोसलं. "सरक."

एडविन सरकला. दयाने पत्रावळ मांडली. बेंजामिन मान खाली घालून जेवू लागला. आबांनी पहिला घास घेतला. त्यांनी दोघांपैकी कुणाकडेही बघितलं नाही, वरणभात कालवत राहिले.

बऱ्याच वेळाने बेंजामिन तोंडातला घास संपवून म्हणाला, "ती साकी काढली त्ये बरं केलंत."

"व्हय?"

"पन नुसतं बोलत बसलात मधी. लोकांना गानं लागतं आबा. मागं दोघंतिघं पेंगत हुते."

"मग थोरल्याच्या कामाचं एक पद करू," आबा म्हणाले. "शब्द मी लिवतो. चाल तू लावशील?"

बेंजामिनने आमटीचा द्रोण एडविनकडे सरकवला.

"बघू," तो म्हणाला.